रो-हाउसचे परसू, बंगल्याचे आवार: मोकळ्या जागेच्या नियमांची पार्श्वभूमी

बदलापूर-कर्जतच्या बाजूला रो-हाउस (भिंतीला भिंत लागून रांगेत बांधलेले घर) घ्यावे की आणखी थोडी ओढाताण करून स्वतंत्र बंगला, या प्रश्नाचे उत्तर मुंबईकर बहुधा चौरस फुटांत शोधतो. बंगल्याभोवती किती जागा सुटते, रो-हाउसच्या मागे किती. ती जागा मुळात कशासाठी सोडायला लावली, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही, आणि पुढची बरीच गफलत तिथेच होते.

गिरगावातली खोताची वाडी किंवा वांद्र्याची गावठाणे पाहिली तर घरे जवळपास खेटून उभी दिसतात. उठबस ओटीवर आणि दारापुढच्या गल्लीत. मलबार हिलवरच्या साहेबी बंगल्यांना ऐसपैस आवारे होती, पण तो ऐपतीचा भाग होता. इमारतीच्या चारी बाजूंनी जागा सोडण्याची सक्ती रुजली ती १८९६ च्या प्लेगनंतर. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी वेगळी यंत्रणा नेमली गेली आणि तिच्या कामातून साडेत्रेसष्ट अंशांचा दंडक आला: समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून खोलीच्या पायथ्याशी येणारा प्रकाश जमिनीशी ६३.५ अंशांहून मोठा कोन करता कामा नये. सोप्या हिशेबात, इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मे अंतर मोकळे. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीतल्या सुट्या इमारती या विचाराच्या आहेत. त्यांच्याभोवतीची जागा उजेड-वाऱ्यासाठी राखलेली होती. तिथे कुणी मोगरा लावला तर ती त्याची हौस. सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यामध्ये सोडायची जागा, आजही याच विचाराने ठरते, म्हणून ते इमारतीभोवती कड्यासारखे फिरते.

पुढचा इतिहास हे कडे आवळत जाण्याचा आहे. १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) आला आणि एकमजली बंगल्याचा मालक किती बांधकाम ‘वाया घालवतो’ ते आकड्यात दिसू लागले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने मुंबईत रिकाम्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर ठरवली आणि मोठे आवार मोकळे ठेवणे ही जोखीमच झाली. महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला. तोवर उपनगरांतले बहुतेक बंगले पाडून झाले होते. १९९१ च्या नियमावलीत उपनगरी निवासी इमारतीसाठी बाजूचे आणि मागचे अंतर उंचीच्या एक-तृतीयांश, किमान ३.६ मीटर, असे ठरले. निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर.

सामाईक भिंतींची बैठी घरे सरकारी पातळीवर ठळकपणे दिसतात ती १९८० च्या दशकात, जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या चारकोप-गोराईच्या भूखंडांवर. प्लॉट इवलेसे, म्हणून बाजूची जागा सोडणे परवडणारे नव्हते; ती सगळ्यांची मिळून मधल्या चौकात ठेवली. आज त्या घरांवर मजले चढले आहेत, पण मांडणी ओळखू येते.

सध्या मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे. बारा मीटर किंवा त्याहून अरुंद रस्त्यावरच्या रो-हाउसला पुढे २.२५ मीटर, मागे १.५ मीटर, बाजूला शून्य (कोपऱ्याच्या प्लॉटला १.५). एका रांगेत जास्तीत जास्त बारा घरे. ५ बाय २० मीटरच्या प्लॉटवर बांधकाम मर्यादेपर्यंत नेले तर पुढे ११.२५ आणि मागे ७.५ चौरस मीटर उरतात. मागच्या दीड मीटरवर पाऊण मीटरचा छज्जा चालतो, म्हणजे आकाश दिसणारी पट्टी उरली पाऊण मीटरची. कपडे वाळतील, आंबा लागणार नाही.

आता १५ बाय २० मीटरचा बंगला प्लॉट घ्या. पुढे ३, बाकी तिन्ही बाजूंना २ मीटर सोडले तर १३५ चौरस मीटर मोकळे राहतात. आकडा भरघोस, पण त्यातले ६० चौरस मीटर दोन बाजूंच्या दोन-दोन मीटरच्या बोळांत जातात. उरलेल्यात गाडी, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, शोषखड्डा. बोअरवेल असेल तर शोषखड्डा तिच्यापासून किमान १२ मीटर लांब हवा, म्हणजे एक पुढच्या कोपऱ्यात आणि दुसरा मागच्या. मधली माती कामाची, पण त्याच मातीतून पाइप जातात. नारळ खपून जातो. वड-पिंपळ किंवा फणस दोन मीटरच्या पट्टीत लावला तर मुळे टाकीच्या भिंतीत शिरतात. मग झाड काढायला १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, आवार स्वतःचे असले तरी.

एवढ्यावरून बंगला सरस वाटेल. खरा गुंता मात्र रो-हाउसचे परसू कुणाचे, इथे आहे, आणि तिथे विक्रीच्या माहितीपत्रकावर विसंबून चालत नाही.

१९६१ च्या सहकारी संस्था नियमांत गृहनिर्माण संस्थांचे दोन मुख्य प्रकार आहेत. भाडेकरू-मालकी संस्थेत जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे असते. प्लॉट मोजून, हद्दी लिहून दिलेला असतो, त्यामुळे परसू त्या हद्दीत येते. भाडेकरू-सहभागीदारी संस्थेत जमीन आणि घर दोन्ही संस्थेची. सभासदाकडे असतो तो वापराचा हक्क. दोन्हीकडची रो-हाउसे दिसायला एकसारखी. पण दुसऱ्या प्रकारात ‘मागचे गार्डन फक्त तुमच्यासाठी’ ही करारातली ओळ संस्थेची कमिटी उद्या मानेलच असे नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्टमधले (इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेतले) पार्किंग बिल्डरला वेगळे विकता येत नाही, असा निकाल दिला. तो पार्किंगपुरता होता; तरी बिल्डरने ‘विकलेल्या’ बागेवर बोट ठेवताना त्याच तर्काचा आधार घेता येतो. रेराच्या (स्थावर संपदा कायद्याच्या) व्याख्येनुसार चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) खुली गच्ची आणि बाल्कनी धरत नाहीत. मातीवरचे परसू तर त्यात बसतच नाही. म्हणजे ज्या जागेसाठी लाखो जास्त मोजले, ती करारातल्या मुख्य आकड्यात नसतेच.

सभासदांची बाजूही पोकळ नाही. मधल्या घराच्या परसाला वाट त्याच्या स्वयंपाकघरातूनच असते, मग ते सामाईक कसे? कमिटीचे म्हणणे, की पत्रा टाकून ते बंद केले तर शेजारच्या दोन घरांचाही वारा अडतो, कारण मधल्या घराला हवा येते पुढून आणि मागून, बस्स. दोन्ही म्हणणी खरी आहेत. आमच्या मते मोजलेला उपप्लॉट नसेल तर परसाची किंमत देऊ नये.

परसावर पत्रा टाकण्यामागे बहुतेकदा पाऊस असतो. तिन्ही बाजूंनी बंद परसातले पाणी घराखालच्या पाइपातूनच पुढे काढावे लागते. साडेसात चौरस मीटर परसू आणि मागे उतरणारे चाळीस चौरस मीटर छत धरले, तर तासाला १०० मिमी पावसात सुमारे ४,७५० लिटर पाणी एका जाळीतून जायला हवे. ११० मिमीचा पाइप शंभराला एक उताराने ते सहज नेतो. अडते ते पाने साचलेल्या जाळीत, किंवा बिल्डरने ७५ मिमीचा पाइप सपाट टाकलेला असतो तिथे. दुसरी चूक मालकाची: जुन्या फरशीवर नवी फरशी. परसू पाच-सहा सेंटीमीटर वर येते, उंबरठ्याशी असलेला फरक संपतो आणि जुलैत ओट्याखालची लाकडी कपाटे फुगतात. मातीचा वाफा सामाईक भिंतीला लावून केला तर ओल शेजाऱ्याच्या खोलीत उतरते, आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा यावर नवे भांडण.

बंगल्यात हे पाणी चारी बाजूंनी बाहेर पडते. बोळ तिथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. पण कंपाउंडच्या भिंतीला खाली पाणी जायला भोके ठेवलेली हवीत, नाहीतर तेच आवार तळे होते.

मोठ्या योजनेत विक्रेता सामाईक बागही मोकळ्या जागेत धरून दाखवतो. ती नियमानेच सोडावी लागते: मुंबईत १९९१ च्या नियमांत १,००१ ते २,५०० चौरस मीटरच्या भूखंडाला १५ टक्के, २,५०१ ते १०,००० ला २० आणि त्यापुढे २५ टक्के असे प्रमाण होते. तिचा वेगळा भाव लावला असेल तर मंजूर नकाशा मागावा आणि त्यात परसू कोणत्या रेघेच्या आत येते, बाग कोणत्या, हे पाहावे. त्याच्या जोडीला संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र. प्रकार त्यावर लिहिलेला असतो.