पारा मध्येच का थांबतो

इंदूरला उकळत्या पाण्यात तापमापी धरली तर पारा ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास थांबतो. शंभर दिसत नाही म्हणून तापमापीला दोष देऊ नये. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर आहे आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. फक्त तापमापीचा पाऱ्याचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू देऊ नये, तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो.

ही गोष्ट स्वीडनच्या आंद्रेस सेल्सिअसलाही ठाऊक होती. १७४२मध्ये त्याने आपली मोजपट्टी मांडली ती हवेच्या दाबाने उकळण्याचा बिंदू सरकतो, बर्फ वितळण्याचा सरकत नाही, हे तपासूनच. त्याच्या पट्टीवर उकळत्या पाण्याला ० आणि वितळत्या बर्फाला १०० होते. ती पुढे काही वर्षांतच उलटवली गेली.

पण आच चालू असताना पारा थांबतो कशाने? त्या काळचा समज असा की बर्फ वितळण्याच्या बेताला आला की जराशी उष्णता पुरते आणि सगळ्याचे पाणी होते. ग्लासगोचा रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याला हे पटेना. तसे असते तर हिवाळा सरताच डोंगरावरचा बर्फ एकदम वितळून महापूर आले असते. १७६१च्या सुमारास त्याने काचेची दोन सारखी भांडी एका थंड दालनात टांगली. एकात ३३ अंश फॅरनहाइटचे पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा बर्फ. दालनाचे तापमान ४७. पाणी अर्ध्या तासात ४० अंशांवर आले. बर्फाचे पाणी होऊन ते ४०वर यायला साडेदहा तास लागले, म्हणजे २१ पट वेळ. दर अर्ध्या तासाला ७ अंशांइतकी उष्णता धरली तर एकूण १४७ अंश. त्यातले ३२ वरून ४० पर्यंतचे ८ अंश तेवढे दिसले, उरलेले १३९ तापमापीवर कुठेच उमटले नाहीत. आजच्या मोजणीने तो आकडा १४४ भरतो. दोन भांडी आणि एक घड्याळ एवढ्यावर इतके जवळ पोहोचणे, हे मोठेच काम. हीच अप्रकट उष्मा: कणांची एकमेकांवरची पकड सोडवण्यात ती खर्च होते. एक ग्रॅम बर्फाचे पाणी करायला सुमारे ८० कॅलरी लागतात, एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला ५४०.

इंदूरच्या सराफा बाजारातली मटका कुल्फी त्या ८० कॅलरींवरच धरते. साखर घातलेले आटीव दूध शून्याला गोठत नाही, त्याहून खाली जावे लागते. म्हणून नुसत्या बर्फात साचे कितीही वेळ ठेवले तरी दूध गार होते, धरत नाही. मीठ पडले की बर्फ शून्याखालीही वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता साच्यातून ओढून घेतो.

त्याआधीचा गारव्याचा उपाय सोऱ्याचा, म्हणजे पाण्यात विरघळताना ते गार करणाऱ्या एका क्षाराचा. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकून त्यात शेरभर पाण्याची धातूची सुरई पाव तास फिरवावी, अशी कृती ऐन-ए-अकबरी या अकबराच्या काळातल्या ग्रंथात आहे. पण त्याने उन्हाळ्यात पाणी पिण्याजोगे गार होते, गोठत नाही.

घरी कुल्फी लावताना तीन किलो कुटलेल्या बर्फाला एक किलो खडे मीठ घ्यावे. या प्रमाणात तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते, त्याहून जास्त मीठ नुसते तळाशी बसते. बर्फाचे तुकडे मोठे राहिले तर साच्याभोवती पोकळी राहते आणि कुल्फी एका बाजूने मऊ निघते. सुटलेले खारे पाणी सगळे ओतून टाकू नये, साच्याला सगळीकडून गारवा तेच पोहोचवते. ते आत शिरू नये म्हणून झाकणाची कड घट्ट कणकेने लिंपावी.