मल्टिपल स्क्लेरॉसिसमधील चाल, तोल आणि मासिक पाळी

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, झालेल्या अनेक स्त्रियांना पाळी येण्याआधीचे तीन-चार दिवस आणि पाळीचा पहिला दिवस जड जातो. पाय ओढत चालावे लागते, वळताना झोक जातो, अंधारात भिंत धरावी लागते. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण उसवते. पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट स्त्रियांना तो होतो आणि बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो, म्हणजे ऐन पाळीच्या वर्षांत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी घरांत पाळीला ‘अडचण’ किंवा ‘कावळा शिवला’ म्हणतात. शेजारच्या कन्नड घरात तीच ‘मुट्टु’. दोन्हीकडे त्या दिवसांतल्या झोकांड्यांना नाव एकच, अशक्तपणा. युरोपच्या मानाने एमएस भारतात विरळ, त्यामुळे ही समजूत चटकन हलत नाही. त्यातून अंगावरून जास्त जाऊन खरोखरच रक्त कमी झाले असेल तर थकवा दुणावतो आणि मूळ आजार आणखी झाकला जातो.

या चढउताराचे सर्वांत पटणारे कारण उष्णता हे आहे. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि शरीराचे तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते. पाळी सुरू होताना ते उतरते. धडधाकट माणसाला एवढे जाणवतही नाही. पण आवरण झिजलेल्या तंतूतून संदेश कसाबसाच जात असतो, आणि थोडी उष्णताही तो अडवायला पुरते. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० मध्ये श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते हे नोंदवले. या परिणामाला त्यांचेच नाव आहे. एमआरआय येण्यापूर्वी डॉक्टर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करीत. आपल्याकडे चौथ्या दिवशी बंबातले कढत पाणी डोक्यावरून घेण्याची रीत आहे. चढलेले तापमान तोवर उतरलेले असते, तरी न्हाणीघरात त्या बाईचे पाय लटपटतात ते याच कारणाने. शिवाय ओली शहाबादी फरशी असतेच. पाणी कोमट घ्यावे, बसायला स्टूल ठेवावे, धरायला भिंतीत दांडा बसवावा. अथणी-रायबागकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा त्रास अधिक जाणवणे साहजिक आहे.

हा त्रास म्हणजे आजाराचा नवा झटका नव्हे. अंग थंड झाले, पाळी सरली की चाल पूर्वपदावर येते. ताप किंवा लघवीचा संसर्ग नसताना नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले तर मात्र झटक्याची शंका घेऊन डॉक्टर गाठावा. हा फरक कळण्यासाठी दोन-तीन महिने घरच्या कालनिर्णयावर पाळीच्या तारखांशेजारी ‘आज तोल गेला’ एवढी खूण केली तरी पुष्कळ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. पण प्रमाणपत्रासाठीची तपासणी महिन्यातल्या बऱ्या दिवशी झाली तर बाई ठणठणीत दिसू शकते. अशा वेळी ही खुणांची पाने सोबत न्यावीत.

सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा किंवा गणपती आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. एमएसमुळे हालचाल फार कमी झालेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या कोणत्याही गोळीने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणू नये.

संप्रेरकांचा आजारावर होणारा परिणाम गरोदरपणात अधिक ठळक दिसतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात शेवटच्या तिमाहीत झटके सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढले. नेमके याच महिन्यांत माहेरी बाळंतिणीला कडक पाण्याची न्हाणी आणि बाजेखाली शेगडीचा शेक मिळतो. एमएस असलेल्या बाळंतिणीच्या बाजेखालून शेगडी काढावी, मालीश ठेवायला हरकत नाही.