ग्लायडर वैमानिक व त्यांचे विक्रम

ग्लायडर वैमानिक : इंजिन नसलेले विमान केवळ हवेतील ऊर्ध्व प्रवाहांच्या आधारे आकाशात टिकवून ठेवणारा, त्या प्रवाहांतून उंची मिळवणारा आणि ती उंची खर्चून लांबचा पल्ला गाठणारा वैमानिक. ग्लायडर जमिनीवरील विंचच्या (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राच्या) दोराने किंवा दुसऱ्या विमानामागे बांधून वर नेतात. दोर सुटला की सभोवतालच्या हवेच्या मानाने ते सतत खालीच उतरत असते. ती हवा त्याहून अधिक वेगाने वर चढत असेल, तरच ग्लायडरची उंची वाढते. नुसते तरंगत खाली येणे म्हणजे ग्लायडिंग आणि चढत्या हवेत विहरत राहणे म्हणजे सोअरिंग. विक्रमांचा प्रश्न येतो तो या दुसऱ्या प्रकारात. त्यामुळे या क्षेत्रातील नामवंतांचा इतिहास हा बव्हंशी वर जाणारी हवा कोठे आणि कशी सापडते याच्या शोधांचा इतिहास आहे. उत्तम यंत्रांचा वाटा मोठा असला, तरी निर्णायक झेपा बहुधा हवेचा एखादा नवा प्रकार वैमानिकांना उमगल्यावरच घेतल्या गेल्या.

प्रारंभ : जर्मनीच्या ओट्टो लिलिएनथाल याने १८९१ पासून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. शरीर झुकवून तोल सांभाळण्याची त्याची पद्धत अपुरी होती. ऑगस्ट १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. लिलिएनथाल उडाला, पण तो विहरला असे म्हणता येत नाही, कारण त्याची उड्डाणे जवळजवळ सगळीच उतरती होती. विहरणाचा पहिला ठळक विक्रम ऑर्व्हिल राइट याचा. इंजिनचालित विमानाचा शोध लावून आठ वर्षे झाल्यावर तो किल डेव्हिल हिल्सच्या वाळूच्या टेकड्यांवर परत गेला आणि २४ ऑक्टोबर १९११ रोजी, समोरून येणाऱ्या वाऱ्यावर ग्लायडर तोलत, ९ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहिला. हा विक्रम सुमारे दहा वर्षे टिकला. त्या काळात जगाचे लक्ष इंजिनाकडे होते, हे त्याचे साधे कारण.

तो मोडला जर्मनीत, आणि त्यामागे राजकारण होते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमाननिर्मितीवर कडक निर्बंध घातले. बिनइंजिनाच्या विमानांना मात्र ते लागू झाले नाहीत. ऑस्कर उर्सिनुस याच्या पुढाकाराने १९२० पासून ऱ्होन पर्वतातील वासरकुप्पे या उघड्या माथ्यावर दरवर्षी स्पर्धा भरू लागल्या. ऑगस्ट १९२२ मध्ये हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ‘व्हॅम्पिर’ या ग्लायडरमधून आर्थर मार्टेन्स याने एका तासाहून अधिक काळ उड्डाण केले आणि काही दिवसांतच त्याच ग्लायडरमधून फ्रीडरिश हेन्ट्झेन याने तीन तासांची मर्यादा ओलांडली. ही सर्व उड्डाणे डोंगरउतारावर आदळून वर वळणाऱ्या वाऱ्यावर झाली. त्या वाऱ्याचा पट्टा डोंगरापुरताच असल्याने वैमानिक तासन्‌तास एकाच उतारासमोर येरझारा घालत आणि जिथून निघाले तिथेच उतरत.

उतार सोडून मोकळ्या आकाशात जाण्याची वाट प्रथम अपघाताने सापडली. १९२६ मध्ये माक्स केगेल याचे ग्लायडर वादळी ढगाने आत ओढून घेतले आणि तो ५५ किमी अंतरावर जाऊन उतरला. एवढ्या अंतराची त्या वेळी कोणी अपेक्षा केली नव्हती. १९३१ मध्ये ग्युन्टर ग्रोएनहोफ याने वादळाच्या आघाडीबरोबर म्युनिकहून २७२ किमीचा पल्ला मारला. ही साहसे थरारक होती, पण अनुकरणीय नव्हती. ग्लायडिंगचा खरा पाया याहून शांत अशा एका गोष्टीवर घातला गेला.

थर्मल : उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे जे स्तंभ वर चढतात, त्यांना थर्मल म्हणतात. मुंबईकरांना त्यांचे प्रात्यक्षिक वर्षातले कितीतरी महिने डोक्यावर दिसते. देवनारच्या कचराभूमीवर किंवा एखाद्या मोठ्या वसाहतीच्या गच्च्यांवर दुपारच्या सुमारास घारी पंख न हलवता घिरट्या घालत चढत जातात, त्या याच स्तंभात. पक्षी असे चढतात हे सर्वांनाच ठाऊक होते. माणसाला अडचण होती ती वेगळी. कॉकपिटमध्ये बसलेल्या वैमानिकाला आपण चढतो आहोत की उतरतो आहोत हे संवेदनेने नेमके कळत नाही. ही अडचण व्हेरिओमीटर या उपकरणाने दूर केली. उंचीबरोबर बदलणाऱ्या हवेच्या दाबावरून ते चढण्या-उतरण्याचा वेग दाखवते. विमानरचनाकार आलेक्झांडर लिपिश याच्या सूचनेवरून ऑस्ट्रियाच्या रोबर्ट क्रोनफेल्ड याने ते ग्लायडरमध्ये वापरले आणि १९२९ मध्ये १०० किमीचा टप्पा ओलांडणारा तो पहिला ग्लायडर वैमानिक ठरला. हे अंतर मुंबई-पुण्यातील सरळ रेषेतल्या अंतरापेक्षाही थोडे कमीच भरते, पण उताराच्या पट्ट्यात अडकलेल्या खेळाला त्याने पहिल्यांदा प्रवासाचे रूप दिले. जून १९३१ मध्ये त्याने इंग्लिश खाडी एकाच दिवसात दोन्ही दिशांनी पार केली. ज्यू असल्यामुळे त्याला पुढे नात्सी राजवटीपासून दूर ब्रिटनमध्ये आश्रय घ्यावा लागला, आणि १९४८ मध्ये शेपूट नसलेल्या एका प्रायोगिक ग्लायडरची चाचणी घेताना तो मरण पावला.

क्रोनफेल्डचा समकालीन वोल्फ हिर्ट याने मोटारसायकलच्या अपघातात एक पाय गमावला होता. १९३० मध्ये अमेरिकेतील एल्मायरा येथे, आकाशात ढगाचा मागमूस नसताना, त्याने व्हेरिओमीटरवर नजर ठेवून घट्ट वर्तुळे घेत थर्मलमधून उंची मिळवून दाखवली. आज कोणताही नवशिका हेच तंत्र पहिल्यांदा शिकतो. ढगाखाली उचल मिळते हे आधी माहीत होते. निरभ्र आकाशातही ती शोधता येते हे हिर्टने सिद्ध केले, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या खेळातील कोणत्याही एका उड्डाणापेक्षा त्या वर्तुळांचे मोल अधिक आहे.

त्यानंतरच्या दशकात आकडे झपाट्याने वाढले. हाइनी डिटमार याने १९३४ मध्ये रिओ द जानेरो येथे ४,३५० मी. उंची गाठली आणि १९३७ मध्ये वासरकुप्पे येथील पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पोलंडच्या तादेउश गुरा याने १९३८ मध्ये सुमारे ५७८ किमीचे उड्डाण केले. लिलिएनथालच्या नावाचे आंतरराष्ट्रीय पदक सर्वप्रथम त्यालाच मिळाले. ६ जुलै १९३९ रोजी सोव्हिएत संघाच्या ओल्गा क्लेपिकोवा हिने मॉस्कोजवळून निघून ७४९ किमी अंतर कापले. हा केवळ स्त्रियांचा नव्हे, तर स्त्री-पुरुष दोघांतला जागतिक विक्रम होता. अमेरिकेच्या रिचर्ड जॉन्सन याने १९५१ मध्ये टेक्ससमधून ८६१ किमी जाईपर्यंत तो अबाधित राहिला. क्लेपिकोवाचे नाव त्या मानाने फार कमी घेतले जाते. प्रसिद्धी मिळाली ती हाना राइच हिला. आल्प्स पर्वत ग्लायडरने ओलांडणाऱ्या पहिल्या वैमानिकांत ती होती आणि चाचणी वैमानिक म्हणून तिचे कौशल्य निर्विवाद होते. मात्र ती हिटलरची निष्ठावंत होती, एप्रिल १९४५ मध्ये वेढलेल्या बर्लिनमध्ये ती विमानाने जाऊन पोहोचली होती, आणि या निष्ठेचा पश्चात्ताप तिने पुढेही स्पष्टपणे व्यक्त केला नाही. तिच्या विक्रमांची नोंद घेताना ही बाजू वगळता येत नाही.

हवेत अधिकाधिक काळ राहण्याचे विक्रमही होत राहिले. १९५२ मध्ये फ्रान्सच्या शार्ल आत्झे याने एकट्याने ५६ तास १५ मिनिटे उड्डाण केले. पण अशा उड्डाणांत कौशल्यापेक्षा झोपेशी झगडाच अधिक असे. अपघात झाल्यावर आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाने कालावधीचे विक्रम नोंदवणे बंद केले.

पर्वतलहरी : डोंगरावरून जाणारा स्थिर व जोरदार वारा पलीकडच्या बाजूस लाटांसारखा वरखाली होत जातो. या लहरी डोंगरमाथ्याच्या कितीतरी पट उंच पोहोचतात. १९३३ मध्ये हिर्ट व त्याच्या सहकाऱ्यांना त्या सायलेशियातील पर्वतरांगेजवळ प्रथम सापडल्या आणि हवामानशास्त्रज्ञ असलेल्या योआखिम क्युटनर याने त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. युद्धानंतर कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडाच्या पूर्वेस याच अभ्यासाची मोठी मोहीम झाली. २५ फेब्रुवारी १९६१ रोजी पॉल बिकल याने मोहावे वाळवंटावर १४,१०२ मी. उंची गाठली. बिकल त्या वेळी एडवर्ड्स येथील नासाच्या उड्डाण संशोधन केंद्राचा संचालक होता. जिथे रॉकेटवर चालणाऱ्या एक्स-१५ विमानाच्या चाचण्या होत, तिथला प्रमुख स्वतः दाबरहित कॉकपिटमध्ये, नाकाला ऑक्सिजन लावून, इंजिनाविना तेवढा वर गेला. रॉबर्ट हॅरिस याने १९८६ मध्ये १४,९३८ मी. गाठून हा विक्रम मागे टाकला. दाबरहित कॉकपिटची ही जवळजवळ शेवटची मर्यादा होती, कारण याहून वर शुद्ध ऑक्सिजनही शरीराला पुरत नाही.

नासाचा माजी चाचणी वैमानिक आयनार एनेव्होल्डसन याने वेगळा तर्क मांडला : ध्रुवीय प्रदेशाजवळ हिवाळ्यात स्थितांबरातील वारे इतके प्रबळ असतात की पर्वतलहरी तिथपर्यंत चढत जायला हव्यात. अमेरिकन साहसवीर स्टीव्ह फॉसेटबरोबर त्याने ऑगस्ट २००६ मध्ये अर्जेंटिनातील एल कालाफाते येथून १५,४६० मी. उंची गाठून तो खरा करून दाखवला. पुढच्याच वर्षी फॉसेट एका साध्या विमानाच्या अपघातात मरण पावला. त्यानंतर बांधलेल्या, दाबयुक्त कक्षाच्या ‘पर्लान २’ या ग्लायडरमधून जिम पेन व टिम गार्डनर हे २ सप्टेंबर २०१८ रोजी २२ किमीहून अधिक उंचीवर पोहोचले. प्रवासी विमाने साधारण याच्या निम्म्या उंचीवरून जातात.

अंतर व वेग : थर्मलमध्ये किती वेळ थांबायचे आणि दोन थर्मलमधील अंतर किती वेगाने कापायचे, या प्रश्नाचे गणिती उत्तर अमेरिकेच्या पॉल मॅक्रेडी याने दिले. पुढच्या थर्मलमध्ये जितकी जोमदार चढण मिळण्याची अपेक्षा, तितका अधिक वेग ठेवावा, असा त्याचा नियम. व्हेरिओमीटरभोवतीच्या एका फिरत्या कड्यावर आकडे कोरून त्याने तो कॉकपिटमध्ये वापरण्याजोगा केला. १९५६ मध्ये तो विश्वविजेता झाला आणि पुढे माणसाच्या पायडलवर चालणारी विमाने बनवून अधिक प्रसिद्धी पावला. १९६४ मध्ये ॲल पार्कर याने टेक्ससमधून १,००० किमीची सीमा प्रथम ओलांडली. २५ एप्रिल १९७२ रोजी हान्स-वेर्नर ग्रोस हा जर्मनीतील ल्युबेकहून फ्रान्समधील बिआरित्झपर्यंत, १,४६० किमी, एका दिवसात पोहोचला. मुंबई-दिल्लीचे हवाई अंतरही याहून कमी आहे.

कार्ल स्ट्रिडिक याने तर जुन्याच उताराच्या वाऱ्याला नवे रूप दिले. अमेरिकेतील ॲपलाचियन पर्वताच्या लांबच लांब रांगेला धरून, झाडांच्या शेंड्यांपासून थोड्याच उंचीवरून, त्याने १९७७ मध्ये जाऊन-येऊन १,६०० किमीहून अधिक प्रवास केला. पश्चिम घाटाची लांबीही जवळपास तेवढीच आहे. आपल्याकडे मात्र सह्याद्रीच्या कड्यांवर पश्चिमेचा जोरदार वारा येतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हा घाटमाथा ढगांत बुडालेला असतो. २१ जानेवारी २००३ रोजी क्लाउस ओलमान याने सहवैमानिक कार्ल राबेडर याच्यासह अँडीजच्या लहरींवर, तीन वळणबिंदू घेत, ३,००९ किमीचे उड्डाण केले. स्पर्धांच्या क्षेत्रात ब्रिटनच्या जॉर्ज ली याने १९७६, १९७८ व १९८१ असे लागोपाठ तीनदा जगज्जेतेपद मिळवले, तर ऑस्ट्रेलियाचा इंगो रेनर चारदा विश्वविजेता झाला. पोलंडचा सेबास्तियान काव्हा याने डझनाहून अधिक विश्वविजेतेपदे मिळवून या सर्वांना मागे टाकले. व्यवसायाने तो स्त्रीरोगतज्ज्ञ आहे.

विक्रमांपलीकडे सामान्य वैमानिकाच्या प्रगतीचे मोजमाप आंतरराष्ट्रीय बिल्ल्यांनी होते. रौप्य बिल्ल्यासाठी पाच तासांचे उड्डाण, १,००० मी. उंचीची कमाई व ५० किमी अंतर लागते; सरळ रेषेत चर्चगेट ते विरार याहून थोडे अधिक भरते. सुवर्ण बिल्ल्यासाठी ३०० किमी व ३,००० मी. असे निकष आहेत. जगातला पहिला रौप्य बिल्ला हिर्टला आणि दुसरा क्रोनफेल्डला मिळाला.

भारत व महाराष्ट्र : पुण्याजवळ हडपसर येथील ग्लायडिंग केंद्र हे केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे केंद्र असून मुंबईकरांसाठी प्रशिक्षणाची सर्वांत जवळची जागा तीच आहे. नागरी विमान खात्याच्या तंत्र केंद्राने १९५० नंतरच्या तीन दशकांत देशी ग्लायडरांची मालिका तयार केली : अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर व आर्द्रा. पंचांगातील नक्षत्रांची नावे इतक्या निष्ठेने वापरणारी सरकारी योजना विरळाच. यांपैकी शेजारी-शेजारी दोन आसने असलेले रोहिणी हे प्रशिक्षणासाठी बराच काळ वापरात होते. १९५९ मध्ये हाना राइच भारतात आली होती आणि तिने पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना ग्लायडरमधून दिल्लीवर फिरवले होते.

खुद्द मुंबईत ग्लायडिंग रुजू न शकण्यामागे भूगोल आणि गर्दी दोन्ही आहेत. दुपारी जमीन तापू लागते तोच समुद्रावरून गार, स्थिर वारा आत येतो आणि थर्मल फार उंच वाढत नाहीत. घारीला तेवढी उचल पुरते, दूरच्या पल्ल्यावर निघालेल्या ग्लायडरला पुरत नाही. शिवाय सांताक्रूझचा विमानतळ आणि जुहूची धावपट्टी यांमुळे शहरावरील आकाश नियंत्रित आहे, आणि थर्मल न सापडल्यास ग्लायडर उतरवायला लागणारे मोकळे रान शहरात उरलेले नाही. घाट ओलांडल्यावर हवा बदलते. कामशेत येथील टेकड्यांवर पावसाळा सोडून बहुतेक काळ मुंबईहून येणारे हौशी लोक उताराच्या वाऱ्यावर व थर्मलवर पॅराग्लायडिंग करतात. हवेचे नियम तेच असले, तरी पॅराग्लायडरचे पंख कापडी असून त्याचा वेग व तरंगण्याचा पल्ला बराच कमी असतो. आंतरराष्ट्रीय महासंघात त्याचा वर्ग स्वतंत्र आहे आणि त्याचे विक्रम वर दिलेल्या विक्रमांत धरले जात नाहीत.