समुद्राच्या गारव्यातून गोडं पाणी

लक्षद्वीपमधलं कवरत्ती हे प्रवाळाचं बेट. नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी सच्छिद्र जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. विहिरी त्याच थरावर चालतात. उपसा वाढला की खारं पाणी वर चढतं. या बेटावर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे एनआयओटीनं, २००५ साली रोज १ लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभा केला. त्यात पाणी तापवायला इंधन जाळत नाहीत आणि गाळायला पडदेही लागत नाहीत. इतकं देखणं अभियांत्रिकी काम आपल्या देशात फार थोडं झालं असेल.

कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनच उकळतं. कवरत्तीला याच्या बरोब्बर उलट करतात. समुद्राच्या पृष्ठभागावरचं २८ अंश सेल्सिअसचं पाणी एका बंद टाकीत सोडतात आणि पंप लावून टाकीतली हवा खेचून घेतात. दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ चाळिसाव्या भागावर आला, की पाणी २२ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. मीठ मागे राहतं, वाफ पुढे जाते. ही वाफ थंड करायला समुद्रात साडेतीनशे मीटर खोलवरचं पाणी आणतात. सूर्याची ऊब तिथवर पोचत नाही, त्यामुळे ते १२-१३ अंशांवर असतं. त्या गारव्यानं वाफेचं पाणी होतं.

यात मेख एकच. वाफ होताना लागणारी उष्णता पाणी स्वतःतूनच देतं आणि गार होत जातं. शंभर लिटर पाणी सात अंशांनी गार झालं, तर त्यातून मिळणारं गोडं पाणी जेमतेम एक लिटर! बाकीचं परत समुद्रात. म्हणूनच पंप मोठे आणि नळ्या जाड लागतात. पण परत जाणारं पाणी मुळापेक्षा अगदी किंचित खारट असतं, आणि प्रवाळाच्या शेजारी ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. खारं पाणी जोरानं दाबून बारीक पडद्यातून गाळायच्या पद्धतीत मागे उरतं ते चांगलंच दाट खारं पाणी.

साडेतीनशे मीटरवरून पाणी उपसायचं म्हणजे केवढी वीज, असं मनात येतंच. पण नळीचं खालचं तोंड समुद्रातच उघडं असल्यामुळे पाणी आपोआप जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत चढतं. गार पाणी जरा जड, म्हणून पातळी थोडी खाली राहते, एवढंच.

खरी कसोटी नळीची. कवरत्तीची नळी प्लास्टिकची, सुमारे ६०० मीटर लांब आणि ६३ सेंटिमीटर व्यासाची. हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं. त्यामुळे नळीचं एक टोक किनाऱ्याशी, दुसरं तळाशी जड वजनाला बांधतात आणि मधली नळी कमानीसारखी वर उचललेली राहते. लाटा, प्रवाह सगळं सोसून तिनं जागेवर राहायचं. याआधी तमिळनाडूच्या तुतिकोरिनजवळ समुद्राच्या उष्णतेवर १ मेगावॉट वीज करण्याचा एनआयओटीचा प्रयोग अडला, तो लांब नळी उतरवतानाच.

मग कोकणात हे का नाही? कवरत्तीला किनारा सोडला की तळ झपकन खाली जातो. मुंबईसमोर मात्र उथळ खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा कमी खोलीचा समुद्रतळ, दोनशे किलोमीटरहून अधिक पसरलेला आहे. तेवढी नळी कोण टाकणार? मुंबईतल्या मनोरीच्या गोड्या पाण्याच्या नियोजित प्रकल्पासाठी पडद्याची पद्धत निवडली गेली, ती योग्यच म्हणायची.

मिनिकॉय आणि अगत्तीला २०११ साली असेच प्रकल्प सुरू झाले, पुढे इतर बेटांवरही. आता उरलाय तो विजेचा प्रश्न. हे पंप चालतात बेटावरच्या विजेवर, आणि लक्षद्वीपची वीज मुख्यतः जहाजानं आणलेल्या डिझेलची. त्यासाठी एनआयओटीनं कवरत्तीत ६५ किलोवॉटचा संच हाती घेतला आहे. पाण्यातल्या त्याच पंधरा अंशांच्या फरकावर तो वीज तयार करणार आणि गोड्या पाण्याचा प्रकल्प त्याच विजेवर चालवायचा, असा बेत आहे.