माटोळीवरचे पट्टे: दोष फ्रेम रेटचा की शटरचा?

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) शुभेच्छांचा घरगुती व्हिडिओ म्हटला की मखरातला गणपती, वर माटोळी (गोव्यात गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) आणि मागे झगमगणारी एलईडीची माळ एवढं तरी त्यात हवंच. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर सगळं झकास दिसतं. टीव्हीवर लावलं की मात्र सुपारीच्या घोसांवर नि असोल्या नारळांवर काळपट पट्टे लुकलुकू लागतात. फोन आडवा धरला असेल तर पट्टे आडवे, उभा धरला असेल तर उभे. मग घरातला जाणकार सांगतो, "तीसवर काढलंस म्हणून. पंचवीसवर काढ." सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण रोग एकाचा आणि औषध दुसऱ्याला, असा प्रकार आहे.

फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं घेतली जातात, तो आकडा: २५, ३०, ६०. शटर स्पीड म्हणजे त्यातल्या प्रत्येक चित्रासाठी सेन्सर किती वेळ उजेड गोळा करतो, तो काळ: १/५०, १/१००, १/५०० सेकंद. दोन्ही आकडे सेटिंगमध्ये शेजारीशेजारी असतात, घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक चित्रात नेमके दोन ठोके मावतात, १/१०० ठेवलं तर एक. उजेड सगळीकडे सारखा पडतो, पट्टे नाहीत. १/६० ठेवलं तर पावणेदोनच्या आसपास ठोके येतात. त्यात फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळींना उजेड जास्त मिळतो, काहींना कमी. तोच तो पट्टा.

म्हणजे ३० फ्रेमला १/५० शटर लावलं तरी चित्र स्वच्छ येतं. उलट २५ फ्रेमला १/१२० लावलं तर पट्टे येतातच, फक्त ते जागच्या जागी थबकतात किंवा संथ सरकतात. ३०वर ते थरथरतात. २५वर गेल्याने पट्टे "गेले" असं वाटतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

ऑटोवर भरवसा ठेवू नये. कॅमेरा मूर्तीवरून झळझळीत माळेकडे वळला की फोन परस्पर शटर वेगवान करतो आणि पट्टे नेमके तिथेच उगवतात. प्रो व्हिडिओ मोड असेल तर शटर १/५०ला बांधून टाका, व्हाइट बॅलन्सही कुलूपबंद करा (नाहीतर मूर्तीचा रंग दर वळणावर बदलतो), आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) खाली आणा. तरीही चित्र पांढरं पडत असेल तर एक ट्यूब बंद करा. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने लावता येत नाही, त्यासाठी वेगळं ॲप लागतं.

चित्र पांढरं पडत असेल तेव्हा १/१००ही चालावं, पण काही स्वस्त माळा सेकंदाला १०० नव्हे, ५० वेळाच लुकलुकतात. तिथे १/१०० फसतं, १/५०च टिकतं. आपली माळ लुकलुकते का हे कळायला दोन सेकंद स्लो मोशनमध्ये टिपून बघा: बल्ब उघडझाप करताना दिसतात.

याच कारणाने रात्री ट्यूबखाली फुगडीचं स्लो मोशन काढण्यात अर्थ नाही. सेकंदाला १२० फ्रेम हव्यात तर प्रत्येक फ्रेमला १/१२० सेकंदापेक्षा जास्त वेळ मिळूच शकत नाही. १/५० गणितातच बसत नाही. ती फुगडी दिवसा अंगणात काढा. सूर्याला ठोके नाहीत, तिथे पट्ट्यांपुरतं शटर काहीही ठेवा. आरतीत घुमटावर (मातीच्या वाद्यावर) पडणारे हात १/५०ला थोडे पुसट दिसतात, ते तसेच बरे. धारदार दिसावेत म्हणून १/५०० केलं की आरतीतले हात तुटक तुटक, कळसूत्री बाहुलीसारखे हलतात.

मग फ्रेम रेटचं काम काय? ते एडिटिंगमध्ये. मुंबईच्या भावाने पाठवलेली क्लिप ३०ची, तुमची २५ची, आणि प्रोजेक्ट ३०चा. ॲप तुमच्या क्लिपमधली दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवतं, म्हणजे सेकंदाला पाच बारीक हिसके. स्थिर समईवर कळत नाहीत, पण माटोळीवरून कॅमेरा सावकाश फिरवला असेल तर डोळ्याला टोचतात. सगळ्यांना आधीच ३० सांगून ठेवा, शटर मात्र १/५०.

एडिटिंग ॲपमधला डीफ्लिकर थरथरणारे पट्टे थोडेफार सौम्य करतो, थबकलेल्या पट्ट्यांवर त्याचं फारसं चालत नाही. दीड दिवसाचा गणपती असेल तर पहिल्याच संध्याकाळी, आरतीची गर्दी व्हायच्या आत, दहा सेकंदांची क्लिप काढून टीव्हीवर लावून बघा.