ब्रेकचे पेडल मऊ लागणे

हायड्रॉलिक म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या गाडीत पेडल दाबल्यावर पायाला कडक आधार न लागता ते लवचिकपणे दबत खाली जाते, त्या दोषाला गॅरेजमध्ये 'पेडल स्पंजी झालं' म्हणतात. गंजलेल्या ब्रेक लाइन (ऑइल चाकापर्यंत नेणाऱ्या नळ्या) बदलल्यावर हा दोष बहुधा दिसतोच, आणि बहुतेक वेळा कारण एकच असते: आत राहिलेली हवा. सळ्या आणि केबलींवर चालणाऱ्या जुन्या ब्रेकना हे दुखणे नव्हते. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या अमेरिकी मोटारीपासून चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक येऊ लागले आणि हवा काढण्याचे कामही त्यांच्यामागून आले.

ब्रेक ऑइल जवळजवळ दबतच नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. पेडलने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन मुळात थोडाच सरकतो. त्यातली निम्मी चाल बुडबुडा दाबण्यातच गेली तर चाकापर्यंत काय पोचणार?

पण प्रत्येक खाली जाणारे पेडल हवेचे नसते. पंप केल्यावर पेडल वर येते, तरी पायाखाली स्प्रिंगसारखे लवते, तर हवा आहे. दुसऱ्या दाबाला ते वर येऊन दगडासारखे घट्ट होत असेल, तर मागच्या चाकाच्या ड्रमला आतून घासणारे शू ढिले आहेत. हँडब्रेक ओढून पेडल दाबावे. चाल कमी झाली की शंका फिटते. पाय स्थिर ठेवूनही पेडल सावकाश बुडत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे. हे सील पुष्कळदा हवा काढतानाच जाते. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर कधी पोचत नाही तिथे सिलिंडर गंजलेला असतो, आणि पेडल फळीपर्यंत दाबले की सील त्या खरखरीत भागावर घासते. म्हणून जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतात.

हवा काढायला दोन माणसे लागतात. चाकाजवळच्या ब्रेकवर हवा काढण्यासाठी असलेल्या निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचे. 'दाब, धरून ठेव' म्हटले की आतला पाय रोखतो, बाहेरचा रिंग पान्याने निपल पाव फेरा उघडतो, नळीतून फेसाळ ऑइल येते. निपल बंद होईपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर गेलेली हवा परत आत. मधूनमधून ब्रेक ऑइलची टाकी भरत राहावी. ती रिकामी झाली की सगळे पहिल्यापासून. सुरुवात सहसा सर्वांत लांबच्या चाकापासून होते, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागच्या डाव्या. तिरक्या जोडणीच्या गाड्यांत (एक पुढचे चाक आणि समोरासमोरचे तिरके मागचे चाक एका लाइनवर) क्रम वेगळा असू शकतो, तेव्हा कंपनीचे मॅन्युअल प्रमाण मानावे.

एवढे करूनही पेडल मऊच राहिले, तर आधी कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) पाहावेत. डावा-उजवा अदलाबदल होऊन बसला की निपल खाली येते आणि हवा वर अडकून बसते. मग कितीही ऑइल ओता. एबीएसच्या (चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर काही गाड्यांत स्कॅनर जोडून आतले व्हॉल्व्ह चालवावे लागतात. दोषी चाक शोधायचे असेल तर सुस्थितीतला रबरी होज बोथट क्लॅम्पने दाबून पाहतात: पेडल लगेच कडक झाले तर घोटाळा त्या चाकाकडे.

नव्या जोडांवरही नजर हवी. ब्रेक लाइनच्या नळीचे टोक जोडासाठी फुलवण्याच्या दोन पद्धती आहेत, डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर. त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. जोडावर कोरडा कागद फिरवला की बारीक पाझरही कळतो. नळकामाच्या सवयीने आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळणे व्यर्थ आहे, कारण ऑइल अडते ते फुलवलेल्या टोकाशी, आट्यांत नव्हे.

ऑइल नेहमी सीलबंद डब्यातले घ्यावे. ते हवेतला ओलावा शोषते आणि उकळण्याचा बिंदू घसरतो: डॉट ४ (डॉट हे ब्रेक ऑइलच्या प्रतीचे मानक) साठी किमान मर्यादा कोरड्या स्थितीत २३० अंश सेल्सिअस, ओलावा शिरल्यावर १५५. घाटात ते उकळले की होणारी वाफ हवेसारखीच दबते. डॉट ५ सिलिकॉनचे असल्याने इतरांत मिसळू नये; डॉट ५.१ मात्र नाव सारखे असूनही ग्लायकॉलचेच. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

शेवटची तपासणी इंजिन सुरू करून करतात. पेडलवर पाय ठेवून इंजिन चालू केल्यावर ते किंचित खाली जाते. हे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम बूस्टरचे काम आहे, त्यासाठी पुन्हा निपल उघडायची गरज नाही.