आधी कोळी आला

२७ ऑगस्ट १८८३ रोजी जावा आणि सुमात्रा यांच्यामधला क्राकाटाऊ ज्वालामुखी फुटला. बेटाचा मोठा भाग समुद्रात गडप झाला आणि जो उरला त्यावर तापलेल्या राखेचा जाड थर बसला. पुढच्या वर्षी मे महिन्यात एक फ्रेंच पथक तिथे उतरलं. त्यातले एडमंड कोतो जिवंत काही दिसतंय का ते शोधत फिरले. झाड नव्हतं, गवत नव्हतं, दगडावर हिरवा डागसुद्धा नव्हता. शेवटी एकच जीव सापडला. एक कोळी, दिसेल न दिसेल इतका बारीक, आणि तो जाळं विणत होता.

हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही, कारण शाळेत शिकलेली क्रमवारी ते उलटीपालटी करून टाकतं. आधी वनस्पती, मग त्या खाणारे, मग खाणाऱ्यांना खाणारे, असं आपण पाठ केलेलं असतं. इथे शिकारी सगळ्यांच्या आधी हजर! स्फोटानंतर तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मेल्खिओर ट्रॉइब हे डच वनस्पतिशास्त्रज्ञ क्राकाटाऊवर गेले, तेव्हा राखेवर नीलहरित शैवालाचा पातळ थर धरला होता आणि नेचे उगवले होते. मग त्याआधी तो कोळी काय खाणार होता?

उत्तर वाऱ्यात आहे. कोळ्यांची पिल्लं रेशमाचा धागा हवेत सोडतात आणि त्याच्या आधाराने मैलोन्‌मैल तरंगत जातात. त्याच वाऱ्यावर माश्या, मावा, चिलटं असे असंख्य कीटकही वाहत असतात. १९८० मध्ये अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सचा स्फोट झाला, त्यानंतर कीटकतज्ज्ञ जॉन एडवर्ड्स यांनी तिथल्या ओसाड प्युमिसवर, म्हणजे ज्वालामुखीच्या त्या सच्छिद्र हलक्या दगडावर, आकाशातून काय काय पडतं ते गोळा केलं. कीटकांचा अक्षरशः पाऊस पडत होता. त्यातले बहुतेक तिथे जगूच शकत नव्हते. ते मरत, आणि कोळी व भुंगेरे त्यांच्यावर पोसले जात. उरलेली कलेवरं कुजून त्या नापीक जमिनीत थोडा नायट्रोजन जाई. उजाड जमिनीवरचं पहिलं जेवण असं बाहेरून येतं.

एखाद्या जागी सजीवांचे समूह एकामागून एक येतात, बदलतात, एकमेकांची जागा घेतात, या प्रक्रियेला अनुक्रमण म्हणतात. जमीन अगदी कोरी असेल, म्हणजे नवा लाव्हा असेल किंवा हिमनदी मागे सरून उघडा पडलेला खडक असेल, तर ते प्राथमिक अनुक्रमण. वणवा, वादळ किंवा सोडून दिलेलं शेत असेल, तर माती आणि तिच्यातलं बियाणं शिल्लक असतं, म्हणून ते दुय्यम. पाठ्यपुस्तकात याचा एक जिना काढलेला असतो: दगडफूल, मॉस, गवत, झुडूप, वृक्ष. जिना लक्षात ठेवायला सोपा आहे. पण निसर्गात जाऊन पाहिलं तर पायऱ्या सापडत नाहीत, नाती सापडतात. कोण कुणाला आधार देतो, कोण कुणाची जागा अडवतो, कोण कुणाला खातो, यावर पुढचं सगळं ठरतं.

सुर्त्से बेटाचंच घ्या. आइसलँडच्या दक्षिणेला १४ नोव्हेंबर १९६३ रोजी समुद्रातून धूर आणि राख उसळली आणि काही दिवसांत तिथे नवं बेट तयार झालं. उद्रेक १९६७च्या जूनपर्यंत चालला. सुरुवातीपासूनच हे बेट संशोधकांसाठी राखून ठेवलं गेलं, त्यामुळे तिथे पहिलं पान कुठलं उगवलं ते आपल्याला नेमकं माहीत आहे. १९६५ मध्ये किनाऱ्यावर सी रॉकेट उगवलं, मोहरीच्या कुळातलं, समुद्राच्या पाण्यावर बी तरंगत येणारं एक रोपटं. मॉस दिसलं १९६७ मध्ये. आणि ज्याला आपण ‘पहिली पायरी’ म्हणतो ते दगडफूल सापडायला १९७० उजाडलं. म्हणजे फुलणारी वनस्पती आधी, दगडफूल नंतर!

पण रोप उगवणं वेगळं आणि टिकणं वेगळं. पहिल्या दहा वर्षांत बेटावर फुलझाडं आणि नेचे मिळून दहाएक जाती पोचल्या होत्या. पुढे वेग मंदच राहिला, कारण लाव्ह्यात आणि राखेत नायट्रोजन जवळजवळ नव्हता. परिस्थिती पालटली ती १९८०च्या दशकाच्या मध्यावर, बेटाच्या एका भागात कुरव पक्ष्यांनी, म्हणजे सीगलनी, घरटी करून वसाहत थाटली तेव्हा. हे पक्षी मासे पकडतात समुद्रात आणि शिटतात घरट्याजवळ. समुद्रातला नायट्रोजन असा रोज पंखांवरून जमिनीवर येऊ लागला. शिवाय पोटातून आणि पिसांना चिकटून बियाही आल्या. वसाहतीच्या जागी हिरवं कुरण पसरलं. वसाहत नव्हती तिथला लाव्हा मात्र बराच काळ काळाच राहिला. २००४ पर्यंत बेटावर फुलझाडं आणि नेचे मिळून ६० जाती नोंदल्या गेल्या होत्या. एका पक्ष्याने बेटाचा नकाशा रंगवला असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही.

आता पुन्हा माउंट सेंट हेलेन्सकडे वळू, कारण नात्यांचा गुंता इतका जवळून फार कमी ठिकाणी पाहिला गेला आहे. १८ मे १९८०च्या स्फोटात डोंगराचा सुमारे ४०० मीटर उंचीचा माथा नाहीसा झाला आणि उत्तरेकडचा प्रदेश प्युमिसखाली गाडला गेला. त्या करड्या वाळवंटात थोड्याच काळात जांभळ्या फुलांची ठेंगणी ल्युपिन दिसली. ल्युपिन शेंगवर्गातली. तिच्या मुळांवर गाठी असतात, गाठींत जिवाणू असतात आणि ते हवेतला नायट्रोजन पकडून वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणतात. बदल्यात वनस्पती त्यांना साखर पुरवते. याला सहजीवन म्हणतात. जिथे मातीच नाही तिथे ही जोडगोळी स्वतःचं खत स्वतः बनवत उभी राहते.

ल्युपिनचं झुडूप गुडघ्यालाही लागत नाही. पण त्याच्याशी बसून पाहिलं तर तिथे काय चाललंय ते कळतं. त्याच्या पानांत वाऱ्याने आलेल्या बिया अडकतात, मेलेले कीटक आणि धूळ साचते, खाली थोडी सावली आणि ओल राहते. तरीही जिवंत ल्युपिनच्या दाटीत दुसऱ्या रोपांना जागा आणि प्रकाश पुरत नाही. ती मदत करते आणि अडवतेही. तिचा खरा उपयोग ती मेल्यावर होतो. झाड वाळतं, जागा मोकळी होते, साठलेला नायट्रोजन मातीत उतरतो आणि मग तिथे गवतं व इतर फुलझाडं जोमाने वाढतात.

मग ल्युपिनने सगळं प्युमिस मैदान झपाट्याने का व्यापलं नाही? विल्यम फॅगन आणि जॉन बिशप यांनी २००० मध्ये याचं उत्तर प्रसिद्ध केलं: अळ्या. पतंगांच्या अळ्या ल्युपिनची पानं, खोडं, बिया फस्त करत होत्या, आणि तेही ताटव्याच्या दाट मध्यापेक्षा विरळ कडेवर जास्त. ताटवा पसरतो तो कडेनेच, त्यामुळे मार बरोबर तिथेच बसत होता. अळ्या दूर केल्या तेव्हा कडेची झाडं भराभर वाढली. बोटाच्या पेराएवढी अळी डोंगराच्या कुशीत जंगल परत यायला किती वर्षं लागतील ते ठरवते, हे वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

त्याच डोंगरावर जमिनीखालचंही एक नातं उलगडलं. गोफर हा बिळात राहणारा, गालांत पिशव्या असलेला कृंतक प्राणी. स्फोट झाला तेव्हा काही गोफर बिळांत होते, म्हणून वाचले. त्यांनी उकरताना राखेखाली गाडली गेलेली जुनी माती वर आणली, आणि मातीबरोबर जिवाणू आणि कवकंही. ही कवकं मुळांशी जोडली जातात आणि मूळ पोचत नाही तिथून पाणी आणि फॉस्फरस आणून देतात. गोफर नसता तर ती गाडलेलीच राहिली असती.

१९७७ मध्ये जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लॅटियर या शास्त्रज्ञांनी या सगळ्याकडे बघण्याचे तीन मार्ग सुचवले. आधी आलेला नंतरच्याची वाट सोपी करतो. किंवा त्याचा नंतरच्यावर फारसा परिणामच होत नाही, नंतरचा नुसता कमी साधनांत तग धरून राहतो. किंवा आधीचा नंतरच्याला अडवतो. तिसरा मार्ग लोकांना पटायला जड गेला. अडवणूक असेल तर बदल घडतोच कसा?

याचं सुंदर उत्तर वेन सूसा यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दगडी किनाऱ्यावरून दिलं. तिथे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एखादा दगड रिकामा झाला की महिन्याभरात त्यावर उल्व्हा, म्हणजे पातळ पानांचं हिरवं शैवाल, दाटून बसतं. लाल शैवालं मागून येतात, पण उल्व्हा असेपर्यंत त्यांना पाय ठेवायला जागा मिळत नाही. मग येतो खेकडा. हा किनाऱ्यावरचा खेकडा दगडावर चढून चिमट्यांनी निवडून निवडून उल्व्हाच खुडतो, लाल शैवालाच्या वाटेला सहसा जात नाही. त्याने जागा मोकळी केली की लाल शैवालाचे कोंब धरतात. दोन-तीन वर्षांनी दगडावर त्यांच्यातल्याच एका जातीचं राज्य असतं. अडवणूक सुटली ती तिसऱ्यामुळे.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती खेकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. लहान दगड लाटांनी वारंवार उलटतात, त्यांच्यावर उल्व्हा आणि बार्नेकल, म्हणजे दगडाला चिकटून राहणारे बारीक कवचधारी जीव, यांच्यापलीकडे काही जमत नाही. फार मोठे दगड क्वचितच हलतात, तिथे शेवटी एकच जात माजते. सगळ्यांत जास्त जाती सापडल्या मधल्या आकाराच्या, अधूनमधून उलटणाऱ्या दगडांवर. स्पर्धेत वरचढ ठरणाऱ्याला लाट पूर्ण जिंकू देत नाही आणि बाकीच्यांना संधी मिळते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांचं मत याच्या अगदी उलट होतं. १९१६ मध्ये त्यांनी मांडलं की वनस्पतींचा समुदाय हा एखाद्या सजीवासारखा जन्मतो, वाढतो आणि हवामानाने ठरवून दिलेल्या चरमावस्थेला, म्हणजे शेवटच्या स्थिर अवस्थेला, पोचतो. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये त्याला सरळ विरोध केला: प्रत्येक जात आपापल्या गरजेने आणि नशिबाने येते, समुदाय हा त्यांचा योगायोगाने झालेला मेळ. ग्लीसन यांना त्या काळात फारसं कुणी ऐकलं नाही. आजचे पुरावे पाहता माझा कल त्यांच्याकडे जास्त झुकतो, पण ल्युपिन आणि तिचे जिवाणू पाहिले की सगळं योगायोगावरही सोडवत नाही.

क्लेमेंट्स यांचं पुस्तक आलं त्याच १९१६ साली विल्यम कूपर अलास्कातल्या ग्लेशियर बे इथे पोचले. १७९४ मध्ये या खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत होती आणि नंतर हिमनद्या झपाट्याने मागे हटत गेल्या होत्या. कूपर यांनी नुकत्याच उघड्या पडलेल्या जमिनीवर एक-एक चौरस मीटरचे तुकडे आखले आणि त्यातलं प्रत्येक रोप हाताने नकाशावर उतरवलं. पुढची अनेक दशकं या खाडीच्या आधारे शिकवलं गेलं की आधी ड्रायस नावाची चटईसारखी वनस्पती येते, मग मुळांतल्या जिवाणूंच्या साहाय्याने जमिनीत नायट्रोजन भरणारं अल्डर नावाचं झुडूप, आणि मग स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांचं जंगल. अल्डर नायट्रोजन देतो हे खरंच आहे, पण त्याची सावली कोवळ्या स्प्रूसला दाबते हेही मोजलं गेलं आहे.

कूपर यांचे तुकडे पुढे विस्मरणात गेले. शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, ब्रायन बुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदींच्या आधारे ते शोधून काढले. शिकवला जाणारा ठरावीक क्रम तिथे दिसला नाही. बहुतेक जाती बर्फ हटल्यावर थोड्याच काळात आल्या होत्या आणि नंतर पन्नासहून जास्त वर्षं टिकून राहिल्या होत्या.  तेव्हा रुजलेली विलोची झुडपं अजून तिथेच होती, पसरली होती, आणि जिथे ती दाट होती तिथे ती स्प्रूसला अडवत होती.